साडेसात किलोवॅटवर तोडगा

"मॅडम, जरा बाजूला व्हा. सावली पडतेय."

परवा रविवारी, भर दुपारी, माझ्याच गच्चीवर मला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणारा मुलगा फार तर बावीस वर्षांचा असेल. खिशात टेस्टर, हातात मोबाइल आणि मोबाइलवर आमच्या नव्याकोऱ्या सोलरचा आकडा. तो 2.4 किलोवॅटवरून 2.1 वर घसरला होता आणि घसरणीचं कारण मी होते. सगळी पॅनल एकाच माळेत जोडलेली असतात, एकावर सावली पडली की आकडा खाली येतो. तर माझ्या सावलीची किंमत निघाली तीनशे वॅट. घरातला मिक्सर साडेसातशेचा आहे. म्हणजे माझं उपद्रवमूल्य अर्ध्या मिक्सरइतकंही नाही.

झाले बाजूला. पैसे माझे, वीजबिल माझ्या नावावर (ते कसं झालं ती रड पुढे येईलच), आणि मी जिन्याच्या दाराशी. नवरा मात्र पॅनलच्या मागे, उत्तरेच्या बाजूला उभा होता. तिथे माणसाची सावली पॅनलवर पडत नाही. आपली सावली कशावरच पडू द्यायची नाही, हे कौशल्य त्यानं संसारात फार लवकर कमावलं.

सोलर का बसवलं ते सांगत बसत नाही. एप्रिल-मेचं बिल ज्यांनी स्वतः उघडून पाहिलंय त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांचं बिल कंपनी भरते त्यांना सांगून उपयोग नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान जाहीर झालं आणि ऐरोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या रांगेत जो तो संध्याकाळी गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघायला लागला. आमची गच्ची मोजली, टाकीची जागा सोडली, 550 वॅटची सहा पॅनल बसतील असं ठरलं. इथवर कुणाचंच कुणाशी वाकडं नव्हतं. घोडं अडलं इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या डब्यावर. तो किती किलोवॅटचा घ्यायचा?

हा प्रश्न दहा मिनिटांचा आहे. मी शाळेत गणित-विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात हे उदाहरण घातलं तर मधल्या बाकावरची मुलं मधल्या सुट्टीच्या आत सोडवतील. पण दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत उरकलं तर आमच्या घरातल्या पुरुषांना त्यात काही राम वाटत नाही. "भाऊकाकांना एकदा विचारून घेऊ," नवरा म्हणाला. मी म्हणाले, कशाला? तर म्हणे, "त्यांना वाईट वाटेल."

भाऊकाका म्हणजे माझे चुलतसासरे. राहायला नौपाड्यात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण स्टोअर काही सुटलेलं नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी नजरेनं माल मोजतात, मग पाणी पितात. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. पिशवीत टॉर्च आणि कुठल्याशा जुन्या सालाची डायरी. ठाण्याहून ऐरोली पूर्वी पुढचंच स्टेशन होतं. जानेवारी 2024 मध्ये मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून "तुमच्याकडे यायचं म्हणजे आता लांब पडतं" असं ते सगळ्यांना सांगतात. येतात मात्र नेमानं.

"आधी लोड काढू," चपला काढता काढता ते म्हणाले.

"काका, ऑन-ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या तारेला जोडलेल्या सोलरला, लोड बघत नाहीत. पॅनल किती आहेत ते बघतात."

"तू चहा टाक. मी लोड काढतो."

आणि त्यांनी खरंच लोड काढला. नवऱ्याला फ्रिज पुढे ओढायला लावला, स्वतः टॉर्च घेऊन मागे शिरले आणि तिथून "एकशे... पुढचं पुसलंय गं, दोनशे धरू" असा आवाज आला. फ्रिजमागे माझ्या कुकरची हरवलेली शिट्टी सापडली. या अख्ख्या प्रकरणातला तेवढाच माझा निव्वळ नफा. मग मायक्रोवेव्ह उलटा करण्यात आला. वॉशिंग मशिनपाशी ते गुडघ्यांवर बसले आणि उठवायला दोघं लागले.

"गीझर?"

"दोन हजार वॅट."

"इस्त्री?"

"हजार."

"मिक्सर?"

"साडेसातशे. पण काका, मिक्सर दिवसातून पाच मिनिटं..."

"वेळ नको सांगू. वॅट सांग."

"घरघंटी एक एचपीची आहे."

इथे भाऊकाकांचा चेहरा उजळला. पेन थांबवून त्यांनी माझ्याकडे, नवऱ्याकडे आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे एकेकदा पाहिलं. "एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट," ते म्हणाले. "साडेसातशे नव्हे. सातशे शेहेचाळीस. लोक साडेसातशे धरतात आणि मग गळफास बसतो." चार वॅटांनी गळफास कसा बसतो ते मी विचारलं नाही, कारण तोवर ते मुलीच्या खोलीत केसांच्या ड्रायरपाशी पोचले होते. ड्रायर बाराशे वॅटचा निघाला. केस वाळवायला इस्त्रीपेक्षा जास्त वीज लागते हे कळल्यावर त्यांनी "हं" असा एक हुंकार दिला. त्यात पुढच्या पिढीबद्दलचं सगळं मत आलं.

दोन एसी, पाच पंखे, पाण्याचा पंप, टीव्ही. बेरीज अकरा हजार चारशेच्या पुढे गेली. मला वाटलं, संपलं.

"आता पाहुणे," भाऊकाका म्हणाले.

"पाहुण्यांना वॅट असतात?"

"पाहुणे आले की गीझर जास्त लागतो, पंखे सगळे लागतात. दहा टक्के धर."

दहा टक्के धरले. मग गणपतीच्या माळा धरल्या. मग दिवाळीचा आकाशकंदील. मी म्हणाले, त्यात एलईडीचा नऊ वॅटचा दिवा आहे. "नऊ तर नऊ," म्हणून त्यांनी नऊ लिहिले, हातचे घेतले आणि शेवटी तेरा हजारांखाली लाल पेनानं दोन रेघा ओढल्या. "तेराचा मिळत नसेल तर पंधराचा बघा. कमी नको."

गच्चीवर पॅनल सव्वातीन किलोवॅटची. त्यांना इन्व्हर्टर पंधराचा.

मी चहा ठेवला (तो मीच ठेवला होता, हे नमूद करून ठेवते) आणि वर्गात सांगते तितक्या शांतपणे सांगायला लागले. ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला आमच्या गीझरशी काही देणंघेणं नसतं. पॅनलमधून येणारा डीसी प्रवाह घ्यायचा, त्याचा घरात चालणारा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा एसी प्रवाह करायचा आणि पुढे ढकलायचा, एवढंच त्याचं काम. घरात लागेल तेवढी वीज घरात, उरेल ती जाणारी-येणारी वीज मोजणाऱ्या नेट मीटरमधून बाहेर, कमी पडेल ती बाहेरून आत.

"म्हणजे तारेतून."

"हो."

"तारेतून घ्यायची तर सोलर कशाला?"

"बिल कमी येतं म्हणून."

"आणि रात्री?"

"रात्री तारेतून."

"पावसाळ्यात?"

"थोडी पॅनलमधून, बाकी तारेतून."

"आणि लाइट गेली की?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "लाइट गेली की इन्व्हर्टर बंद होतो."

भाऊकाकांनी कप खाली ठेवला. "थांब. भर दुपार आहे. डोक्यावर ऊन आहे. गच्चीवर पॅनल आहेत, भिंतीवर इन्व्हर्टर आहे. आणि पंखा?"

"बंद."

"का?"

"लाइनमन खांबावर काम करत असतो. आपली वीज उलटी तारेत गेली तर त्याला शॉक बसेल. म्हणून तारेतला पुरवठा गेला की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. नियमच आहे तसा."

"म्हणजे दोनेक लाख घालायचे आणि लाइनमनसाठी घामात बसायचं."

खरं सांगायचं तर या मुद्द्यावर माझ्याकडे फारसं उत्तर नव्हतं. लाइनमनचा जीव मोलाचा आहे, तो वाचलाच पाहिजे. पण ऐन मे महिन्यात आपल्या छपरावर वीज तयार होण्याची सगळी सामग्री असताना वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचं, हे पटवून घ्यायला मोठं मन लागतं. बॅटरी जोडलेला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर लाइट गेल्यावरही ठरावीक उपकरणं चालतात, पण बॅटरीचा खर्च ऐकून नवरा तेवढ्यापुरता पर्यावरणवादी राहिला नाही. आणि गंमत अशी की हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड (तारेला न जोडलेला) घ्यायचा असता तर भाऊकाकांची डायरी कामाला आली असती. तिथे एका वेळी काय काय चालणार, पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर किती पट करंट ओढते, हे सगळं मोजावंच लागतं. माणसानं मन लावून उत्तर काढलं होतं. पेपर दुसऱ्या विषयाचा होता.

पण ते हरले नाहीत. "असू दे. तरी मोठाच घ्यावा. वाढत्या अंगाचा."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय. जूनमध्ये गणवेश घेताना बाह्या कोपराखाली आणि स्कर्ट पोटरीपर्यंत. "वाढत्या अंगाचा आहे." तो अंगाला नीट बसायला लागायचा तेव्हा त्याचा रंग उडालेला असायचा. म्हणजे नवा होता तेव्हा मापाचा नव्हता आणि मापाचा झाला तेव्हा नवा नव्हता. आमच्या अख्ख्या पिढीनं मापाचे कपडे थेट नोकरी लागल्यावर घातले. नवी मुंबईतली घरंसुद्धा याच तत्त्वावर उभी आहेत. सिडकोनं माणशी बेताची, आटोपशीर रो-हाउसेस बांधून दिली. लोकांनी ती वाढत्या अंगाची मानली. आधी पुढे ग्रिल, मग मागे स्वयंपाकघर ओढलं, मग वर एक मजला, त्यावर पत्र्याची शेड, शेडमध्ये पापड. आता आमच्या रांगेत कुठल्याही घराची उंची शेजारच्या घराशी जुळत नाही. डावीकडच्यांच्या शेडची सावली साडेतीननंतर आमच्या दोन पॅनलांवर येते. मी ती गोष्ट काढली तर ते म्हणाले, "ताई, शेड आधी, पॅनल नंतर." सूर्य त्याही आधीचा आहे, पण वर्षानुवर्षांचा शेजार.

तर वाढत्या अंगाचा इन्व्हर्टर. पुढे पॅनल वाढवायची असतील तर मोठा घेण्यात अर्थ आहे, हे कुणीही मान्य करील. आमच्या गच्चीवर सातवं पॅनल ठेवायचं तर पाण्याची टाकी खाली आणून दिवाणखान्यात ठेवावी लागेल. मग तो इन्व्हर्टर कुणाच्या अंगाला वाढणार?

त्या संध्याकाळी सोलरवाला आला. त्याचं आणि त्याच्या कंपनीचं नाव सांगत नाही; टी-शर्टवर सूर्य होता एवढं पुरे. तो आला, सोफ्यावर बसला आणि पुढचा तासभर माझ्या नवऱ्याशी बोलला. नवऱ्याला पॅनल आणि पनीर यातला फरक जेमतेम ठाऊक. तो दर वाक्याला माझ्याकडे बघे. सोलरवाला दर वाक्याला त्याच्याकडे.

"सर, इन्व्हर्टर पाचचा टाकू. फ्युचरला बरा."

मी म्हणाले, "पॅनल 3.3 ची आहेत. तीनचा पुरे."

"सर, मॅडमचं बरोबर आहे, पण पॅनल 3.3 आणि इन्व्हर्टर तीन म्हणजे वरचं सगळं वाया जाणार ना."

"नाही जाणार," मी म्हणाले. "पॅनलवर 550 छापलंय ते प्रयोगशाळेतलं आहे. दर चौरस मीटरला हजार वॅट ऊन आणि पॅनलचं स्वतःचं तापमान 25 अंश. ऐरोलीत एप्रिलमध्ये 25 अंश फक्त मॉलमध्ये मिळतात. गच्चीवर पॅनल साठ-पासष्टपर्यंत तापतं. दर अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज घटते. चाळीस अंश वाढले की चौदा टक्के गेले. 550 चे उरले पावणेपाचशेच्या आत, साहांचे मिळून 2.8 च्या आसपास. त्यात धूळ, कावळे, वायरीतली गळती वेगळी. तीनचा इन्व्हर्टरसुद्धा रोज भरणार नाही. थंडीतल्या एखाद्या स्वच्छ, वाऱ्याच्या दुपारी थोडं वर जाईल तेवढं तो कापेल. वर्षाचा हिशेब केला तर ते किरकोळ आहे. म्हणूनच पॅनल इन्व्हर्टरपेक्षा दहा-वीस टक्के जास्त ठेवतात."

खोलीत शांतता. सोलरवाल्यानं कौतुकानं मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाला, "मॅडमनी चांगला अभ्यास केलाय, सर."

मी तिथेच बसले होते. दोन फुटांवर. माझ्याबद्दल अशा स्वरात याआधी फक्त मला बघायला आलेल्या मंडळींनी बोललेलं आठवतं.

आणि मग जे झालं ते मी अजून विसरू शकत नाही. भाऊकाका कोपऱ्यातल्या खुर्चीतून पुढे सरकले. डायरी उघडली. "हे बघा, आमचा लोड तेरा आहे," ते म्हणाले. "पाच म्हणजे काहीच नाही. पंधराचा द्या."

सोलरवाल्याचे डोळे लकाकले, पण गोदामात बहुधा पाचचेच पडून होते. "काका, पंधराला थ्री फेज लागेल. खर्च जाईल. पाच बेस्ट आहे."

"बारा करा."

"काका, सहा."

"मी वागळे इस्टेटमध्ये माल घेतलाय, मला नका शिकवू. दहा."

"तुमच्यासाठी सात करतो."

"आठ."

"साडेसात. फायनल."

"साडेसात," भाऊकाका म्हणाले आणि दोघांनी हात मिळवले.

माझ्या दिवाणखान्यात, माझ्या डोळ्यांदेखत, भाजी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर होते तशी किलोवॅटवर घासाघीस झाली होती. त्यातही उलटी. गिऱ्हाईक जास्त मागतंय आणि विकणारा कमी करतोय. दोघांच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान. नवऱ्यानं "चला, झालं एकदाचं" म्हणून टाळी वाजवली.

मी फक्त विचारलं, "गच्चीवर सहाच पॅनल मावतात, हे कुणी धरलंय का?"

धरलं नव्हतं.

मग मी दुसरा कागद काढला. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000. तिसऱ्याच्या पुढे कितीही न्या, 78,000 वर थांबतं. आणि क्षमता धरताना पॅनल आणि इन्व्हर्टर यांतलं जे कमी असेल ते धरतात. म्हणजे अडीचचा इन्व्हर्टर घेतला तर अनुदान 69,000 वर येणार, तीनचा घेतला तर पूर्ण 78,000, आणि साडेसातचा घेतला तरी तेच 78,000. वरची किंमत आपल्या खिशातून. शिवाय एवढा मोठा इन्व्हर्टर एवढ्याशा पॅनलांवर सकाळी, संध्याकाळी आणि सबंध पावसाळा जवळपास रिकामाच चालणार, आणि क्षमतेच्या दहा टक्क्यांखाली भार गेला की त्याची कार्यक्षमताही घसरते.

पैशाचा आकडा निघाल्यावर नवरा प्रथमच माझ्याकडे वळून बसला. सोलरवाल्यानं घसा साफ केला. "सर, मॅडम म्हणतात तसं तीनचाच टाकू. मी आधीपासून तेच म्हणत होतो."

भाऊकाकांनी डायरी मिटली. थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं दुखावले, आणि क्षणभर वाईटही वाटलं. मग त्यांनी विचारलं, "पॅनलचं तोंड कुठल्या दिशेला?"

"दक्षिणेला."

"यमाची दिशा!"

इथे मी उठून स्वयंपाकघरात गेले. ऐरोली 19 अक्षांशावर आहे, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचे दिवस सोडले तर दुपारचा सूर्य आमच्या दक्षिणेलाच असतो, हे बाहेर कुणी तरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. कढीपत्ता निवडत मी ऐकत होते. सोलरवाला म्हणाला, "काका, थोडं आग्नेयेला वळवून देतो." शेवटी स्ट्रक्चर दक्षिणेलाच लागलं, भाऊकाकांना त्यांनी आग्नेय म्हणून सांगितलं आणि तेही मानले. माझी चौदा टक्क्यांची आकडेमोड कुणी मानली नव्हती.

गंमत जाऊ दे. मला खरा राग कशाचा आहे, तर या धंद्यात साधी गोष्ट साधेपणानं सांगायची नाही असं जणू ठरलंय. मी मागवलेल्या कोटेशनांवर मोठ्या अक्षरात "3 किलोवॅट सोलर सिस्टिम" एवढंच. तीन कशाचे? पॅनलचे की इन्व्हर्टरचे? एकानं पॅनल 3.3 ची दाखवली होती, एकानं इन्व्हर्टर पाचचा आणि पॅनल तीनची, आणि एकानं इन्व्हर्टरच्या रकाण्यात नुसतं "नामांकित कंपनीचा" लिहिलं होतं. हे तिन्ही कागद शेजारी ठेवून सामान्य माणसानं भावाची तुलना करायची. त्याला पॅनल देशात बनलेल्या सोलर सेलचीच हवीत, नाहीतर अनुदान नाही, हे कोण सांगणार? गोदामात जे पडून आहे ते तुमच्या भविष्यासाठी उत्तम असतं. आणि बाईनं आकडे विचारले की तिचा अभ्यास चांगला असतो. उत्तर तरीही सरांनाच मिळतं.

बिलाची रड सांगायची राहिली. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर होतं. अर्जदार आणि ग्राहक एकच हवा, म्हणून नाव बदलायला गेले. खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मूळ ग्राहकाची संमती लागेल." मी म्हणाले, सासरे वारले. "बरं," ते म्हणाले, "मग त्यांचं ना-हरकतपत्र आणा." मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मिस्टर आले नाहीत का सोबत?" बिल माझ्या नावावर व्हायला किती खेटे पडले ते मोजायचं मी एका टप्प्यावर सोडून दिलं. तपासणीला आलेल्या माणसानं कागदावर माझं नाव वाचलं, मान वर केली आणि नवऱ्याला विचारलं, "अर्थिंग कुठे आहे, साहेब?" साहेबांनी मला विचारलं. मी बोट दाखवलं. साहेबांनी तपासणीवाल्याला बोट दाखवलं.

आता सगळं चालू आहे. तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर जिन्याखाली गपगुमान बसलेला असतो. चांगल्या उन्हाच्या दिवशी बारा-तेरा युनिटं देतो. तापलेल्या दुपारी कधी 2.6, कधी 2.7, क्वचित त्याच्या वर. तीनचा आकडा गाठायला तो अजून धडपडतोय. मी हे भाऊकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ, साडेसातचा असता तर सहज गाठला असता."

नौपाड्यात लाइट गेली की त्यांचा फोन येतो. त्यांच्याकडे जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर आहे. महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घातलेलं, त्यामुळे ते पंख्याखाली बसून बोलतात. "तुमच्याकडे आहे का गं लाइट?" आमच्याकडे बहुतेक वेळा असते. नसेल तेव्हा पलीकडून फक्त एक समाधानाचा उसासा ऐकू येतो, आणि मग, "लाइनमन बरा आहे ना?"

काल संध्याकाळी उजवीकडच्या काकू कुंपणापाशी आल्या. त्यांना सोलर बसवायचं आहे. मी उत्साहानं कागद आणायला वळले, तर म्हणाल्या, "तुला कशाला त्रास, तुझी शाळा असते. ते तुमच्याकडे आले होते ना, टॉर्चवाले इंजिनिअर काका, सगळं मोजत होते? त्यांचा नंबर दे."

दिला. त्यांच्याकडे गीझर दोन आहेत.